वानगी आणि जिवाणी

व्यापारी घराण्यांत 'वानगी' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. धान्याच्या पोत्यात नळी खुपसून काढलेले मूठभर दाणे, लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉलीतून उचललेले चार कांदे, निफाडच्या मळ्यात गोडी मोजण्यासाठी पिळलेले द्राक्षाचे मणी, ही सारी वानगीच होय. शितावरून भाताची परीक्षा करावी, हा व्यवहाराचा शहाणपणा त्यामागे आहे. वानगीला काही नीतीही आहे. ती ढिगाच्या वरूनच काढू नये, खालूनही काढावी. पारखण्यापुरतीच घ्यावी. वानगीच्या नावाखाली पसापसा माल बाजूला सारणाऱ्यास बाजारात कोणी सज्जन म्हणत नाही.

परंतु वानगी म्हणून जे उचलायचे ते सजीव असेल तर? नदीचे पाणी जिवंत आहे की मरू लागले आहे, हे पाहण्यासाठी अभ्यासक त्यातील गोगलगायी, अळ्या, शिंपले व मासे उचलतात. कांदा कापला तर कांद्याचा तुकडा वाया जातो, गोगलगाय बाटलीत बुडवली तर एक आयुष्य संपते. पर्यावरणाचे रक्षण करण्यासाठी आधी पर्यावरणातीलच काही जीव मारावेत, हा विरोधाभास जैन मनाला बोचतो, आणि तो बोचावा हेच योग्य आहे. मात्र बोच लागली म्हणून प्रश्नाकडे पाठ फिरवावी का, हा पुढचा व अधिक कठीण विचार आहे.

निफाडकरांसाठी हा विचार दूरचा नाही. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बांधलेल्या दगडी बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरले, बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरू लागले. हेच नांदूरमध्यमेश्वर. डॉ. सालिम अली यांनी त्याची तुलना भरतपूरशी केली होती. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले. पाणथळ जागांच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधील रामसर या गावी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याखालील ही मान्यता आहे. या स्थळाच्या नोंदीत अस्तंगत होण्याच्या उंबरठ्यावरील एक लहानगा मासाही आहे. १९३८ मध्ये होरा व मिश्रा या शास्त्रज्ञांनी त्याचे प्रथम वर्णन केले आणि नाशिकजवळच्या देवळालीवरून तो 'देवळाली मिनो' म्हणून ओळखला जातो. त्याच नोंदीत भारतीय गिधाड व पांढऱ्या पाठीचे गिधाड हेही आहेत.

या जलाशयात येणारे पाणी द्राक्षबागा, ऊस, कांदा आणि वाढत्या वस्त्या यांच्यामधून वाहत येते. त्या पाण्याचे आरोग्य पाहण्याचे दोन मार्ग आहेत. रासायनिक तपासणी त्या दिवसाचे, त्या घटकेचे पाणी सांगते. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर ती केवळ दिवसअखेरची शिल्लक होय. तळाशी राहणारे जीव मात्र कित्येक महिन्यांची खातेवही उघडून दाखवतात. 'मेफ्लाय' या अल्पायुषी माशीची पिल्ले स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाण्यातच टिकतात, दूषण वाढले की ती आधी नाहीशी होतात. उलट काही लाल अळ्या प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही तग धरतात. कोण आहे आणि कोण नाही, यावरून पाण्याचा इतिहास वाचता येतो. हा इतिहास वाचायचा तर पाण्यात जाळी घालावी लागते, आणि प्रश्न तेथून सुरू होतो.

तालुक्यातील एका धान्यव्यापारी कुटुंबात हा प्रश्न चार वर्षांपूर्वी घरच्या बैठकीत येऊन उभा राहिला. घरातील नात पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होती. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, कादवेच्या काठी तीन ठिकाणी दर महिन्याला पाण्यातील जीव पकडायचे, ते रसायनात टिकवायचे आणि प्रयोगशाळेत ओळखायचे, असा तिचा प्रकल्प होता. आजोबांचे वय ऐंशीच्या पुढचे. रात्रीभोजन त्यांनी तरुणपणीच सोडलेले, सामायिक व प्रतिक्रमण कधी न चुकलेले. त्यांनी शांतपणे विचारले, "बेटा, बाटलीत किती जीव जातील?"

ती म्हणाली, "दादाजी, एका खेपेला दोन-तीनशे तरी."

"म्हणजे वर्षात काही हजार. आणि हे तू ठरवून करणार."

आजोबांचा आक्षेप भावनेचा नव्हता, शास्त्राचा होता. जैन विचारात हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी व संकल्पी असे चार भेद केले आहेत. स्वयंपाकात, शेतीत, व्यापारात, आत्मरक्षणात जी हिंसा घडते ती गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही, तेथे यतना सांगितली आहे. परंतु निरपराध त्रस जिवांची संकल्पपूर्वक हिंसा श्रावकाने पहिल्या अणुव्रतातच सोडलेली असते. गोगलगाय व शिंपला द्वींद्रिय, चतुर चतुरिंद्रिय, मासा पंचेंद्रिय. हे सारे त्रस जीव आहेत, निरपराध आहेत, आणि त्यांना मारण्याच्याच हेतूने पकडले जाणार आहे. अभ्यासाचे निमित्त कितीही थोर असले तरी ही हिंसा अजाणता घडली, असे म्हणण्याची सोय नाही.

नातीकडेही उत्तर होते. नदी विषारी होत असेल आणि कोणी तपासलेच नाही, तर त्या दोन-तीनशे जिवांचे काय, साऱ्या नदीचेच मरण होईल. ज्याला कळू शकत होते त्याने कळून घेतले नाही, हा दोष कोणाच्या खाती मांडायचा? तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाशी जोडली आहे आणि दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिले आहे, हे तिने आजोबांच्याच स्वाध्यायात ऐकले होते. डोळे मिटून पाळलेली अहिंसा हाही प्रमादच नव्हे काय?

दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि जगाचा अनुभव दोघांच्या बाजूने साक्ष देतो.

आजोबांच्या बाजूची साक्ष मोठी आहे. मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटावर काराकारा नावाचा एक शिकारी पक्षी होता. १ डिसेंबर १९०० रोजी रोलो बेक या संग्राहकाला तेथे अकरा पक्षी दिसले, त्यांपैकी नऊ त्याने संग्रहासाठी मारले. पक्षी विपुल असावेत असा त्याचा समज होता. ती जात नामशेष झाली. १९६४ मध्ये अमेरिकेतील नेवाडा राज्यात एका संशोधक विद्यार्थ्याने हवामानाच्या अभ्यासासाठी पाइनचे एक झाड तोडवले. वर्षवलये मोजल्यावर कळले की ते सुमारे ४,९०० वर्षांचे होते, त्या काळी ज्ञात असलेल्या वृक्षांतील सर्वांत वृद्ध. तोडण्यासाठी वनखात्याची रीतसर परवानगी होती. कागद पुरा होता, विचार अपुरा होता. एकेंद्रिय वृक्षाचाही नमुना किती महाग पडू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

नातीच्या बाजूची साक्ष भारतभूमीवरचीच आहे. १९९० च्या दशकात गिधाडे झपाट्याने मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण कोणालाच कळेना. शेवटी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या अवयवांचे नमुने तपासले गेले आणि २००४ मध्ये दोषी समोर आला. तो होता डायक्लोफेनॅक, म्हणजे दुखणाईत गुरांना आराम पडावा म्हणून टोचले जाणारे औषध. असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी या औषधाच्या उत्पादनावर बंदी आणली, आणि मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे चाचण्यांतून दिसून आले. येथे थांबून विचार करावा असे आहे. गुराला टोचणाऱ्याच्या मनात क्रौर्य नव्हते, करुणा होती. त्या करुणेला ज्ञानाची जोड नव्हती, म्हणून आकाशातील लाखो जीव गेले. नमुने तपासले नसते तर ती करुणा आजही मारीत राहिली असती.

मात्र या साक्षीतही एक टोचणी आहे. मृत पक्ष्यांच्या तपासणीवर काम भागले नाही. खात्री करण्यासाठी बंदिस्त ठेवलेल्या मोजक्या गिधाडांना तेच औषध दिले गेले व त्यांतील काही दगावली. त्यांच्या मरणातून इतरांचे जीवन वाचले, हे खरे. परंतु वाचलेल्यांच्या जमेमुळे मेलेल्यांची नावे पुसली जात नाहीत. दोन्ही नोंदी खात्यात कायम राहतात.

येथे हिशेबशास्त्र थोडी मदत करते. भारतात नमुना पाहणीचे शास्त्र रुजवणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३० च्या दशकात बंगालमधील तागाच्या पिकाची मोजणी करताना आधी लहानशी पथदर्शी पाहणी करावी, त्यावरून किती नमुना पुरेल ते ठरवावे आणि मगच मोठे काम हाती घ्यावे, अशी रीत घातली. नमुन्याचा एक नियम प्रत्येक वाणिज्य पदवीधराने शिकलेला असतो. अंदाजातील चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. गव्हाच्या दाण्यांबाबत हा केवळ खर्चाचा प्रश्न असतो. जिवांबाबत तो नीतीचा होतो. शंभर जिवांत जे पुरेसे कळते, ते आणखी थोडे नेमके कळावे म्हणून चारशे जीव घ्यायचे काय? 'जितके अधिक तितके बरे' ही वृत्ती ज्ञानाची नाही, ती परिग्रहाची आहे. संग्रहालयांच्या कपाटांतूनही परिग्रह साठू शकतो.

१९५९ मध्ये रसेल व बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन कसोट्या मांडल्या. सजीवाऐवजी दुसरे काही चालेल का ते पाहावे, संख्या कमीत कमी ठेवावी, आणि वेदना कमी होईल अशी रीत वापरावी. आज जगभर या कसोट्या मानल्या जातात. भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक सूत्रे दिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात अभ्यासासाठी जायचे तरी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. मात्र महाविद्यालयांतील नीतिसमित्यांची नजर प्रामुख्याने पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांकडे असते. गोगलगायीसाठी, अळीसाठी सहसा कोणी अर्ज मागत नाही. तेथे अभ्यासकाची सदसद्विवेकबुद्धी हीच काय ती समिती.

जैन घरांत ही समिती फार पूर्वीपासून बसलेली आहे, आणि तिचे कामकाज पाणवठ्यावर चालत असे. पाणी दुहेरी वस्त्राने गाळून घ्यायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु गाळण्याइतकेच महत्त्व पुढच्या कृतीला होते. गाळण्यावर राहिलेल्या जिवांवर गाळलेले पाणी ओतून त्यांना हळुवार सोडवायचे आणि ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत पोचवायचे. याला जिवाणी म्हणतात. एका विहिरीची जिवाणी दुसऱ्या विहिरीत टाकायची नाही, उंचावरून फेकायची नाही. विज्ञानाच्या भाषेत पाहिले तर पाण्यातील सूक्ष्म जीव पकडण्याची अभ्यासकाची बारीक जाळी आणि आजीचे गाळणे यांत रचनेचा फारसा भेद नाही. भेद आहे तो गाळल्यानंतर काय करायचे यात.

हा विचार त्या घरात आजीने बोलून दाखवला. आजोबा व नात दोघेही गप्प झाले होते, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "पकडलेस तर पकड. पण जिथून घेशील तिथेच परत सोडता येत नाही का?"

या एका प्रश्नाने प्रकल्पाचा आराखडा बदलला. नातीने शोध घेतला तेव्हा तिच्या ध्यानात आले की पाण्याची प्रत ठरवण्यासाठी प्रत्येक जिवाची नेमकी जात ओळखण्याची गरजच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांत जिवाचे कुळ ओळखले तरी पुरते, आणि कुळ बहुधा काठावरच, पांढऱ्या तबकात, भिंगाखाली ओळखता येते. मार्गदर्शकांची अडचणही खोटी नव्हती. प्रत्यक्ष नमुना जपून ठेवला नाही, तर उद्या कोणी शंका घेतल्यास पडताळायचे कशावर? त्यावर तोडगा निघाला. गोगलगायी व शिंपल्यांसाठी काठावर पडलेले रिकामे शंख-शिंपले ठेवायचे. चतुर व टाचण्यांसाठी, पाण्याबाहेर येऊन पंख फुटताना त्या लव्हाळ्यावर जी कात टाकतात ती गोळा करायची. कातेवरूनही चतुराची ओळख पटते. बाकीच्यांची छायाचित्रे. खेपा बारावरून सहावर आणल्या, आणि पहिली खेप केवळ किती नमुना पुरेल हे ठरवण्यासाठी ठेवली.

तिच्या वहीत तीन रकाने होते : सापडले, परत सोडले, दगावले. तिसरा रकाना कोरा राहिला नाही. पहिल्या खेपेत तबक उन्हात राहिल्याने काही पिल्ले मेली. पुढे तबकावर ओले फडके आले, सावली आली, एका वेळी थोडेच जीव उचलणे आले, आणि तो आकडा उतरत गेला. शून्यावर मात्र कधी आला नाही. काही लाल अळ्यांची ओळख अखेरपर्यंत पटली नाही. एक-दोन अळ्या मारून भिंगाखाली पाहिल्या असत्या तर कदाचित पटली असती. अहवालात तिने त्यांच्यापुढे 'ओळख अपूर्ण' असे लिहिले आणि त्याबद्दल काही गुण गमावले. आजोबांनी तो अहवाल चष्मा लावून पाहिला. शास्त्रीय नावे त्यांना कळली नाहीत. तिसऱ्या रकान्यावर मात्र त्यांचे बोट बराच वेळ थांबले. "आकडा लपवला नाहीस, हे बरे केलेस," एवढेच ते म्हणाले. त्या वर्षी संवत्सरीच्या प्रतिक्रमणात दोघे शेजारी बसले होते.

या घटनेने प्रश्न कायमचा सुटला, असे कोणी म्हणू नये. प्रत्येक अभ्यास असा तबकात होत नाही. गिधाडांसारखा प्रसंग आला तर काठावरची मोजणी अपुरी पडेल. आता पाण्यात विरघळलेल्या डीएनएच्या अंशांवरून कोणते मासे तेथे आहेत हे सांगणारी पद्धत आली आहे, तिने माशांना हात लावावा लागत नाही. देवळाली मिनोसारख्या दुर्मीळ जिवासाठी ती वरदान ठरू शकते. तरीही अप्काय मानणाऱ्याला ठाऊक असते की तपासणीसाठी गाळलेले लिटरभर पाणीदेखील निर्जीव नसते. निर्दोष वानगी अशी नसतेच. जबाबदार व बेजबाबदार वानगी असा भेद मात्र असतो, आणि तो संख्येहून अधिक चार प्रश्नांत असतो. काय जाणून घ्यायचे आहे? मारल्यावाचून ते जाणता येईल का? कितीने पुरेल? आणि जे कळले ते कोणाच्या उपयोगी पडले? यांतील शेवटचा प्रश्न सर्वाधिक विसरला जातो. चिठ्ठी निघालेल्या बाटल्या महाविद्यालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षे धूळ खातात. ज्या नमुन्याकडे कोणी पाहिलेच नाही, त्यातील जीव ज्ञानासाठी गेला असेही म्हणता येत नाही. तो नुसताच गेला.

व्यापारी कुटुंबांना आणखी एका हिशेबाला सामोरे जावे लागेल. नातीच्या बाटलीतील तीनशे जिवांनी घर हेलावले, ही जैन संस्कारांची पुण्याई आहे. परंतु कादवेच्या खोऱ्यात समाजातील अनेकांची खते-औषधांची दुकाने आहेत, अनेकांच्या द्राक्षबागा आहेत. एका फवारणीनंतर पावसाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्यात जे उतरते, त्याची वही कोणी ठेवत नाही. तेथे 'दगावले' असा रकानाच नाही. उद्योगी हिंसेला गृहस्थधर्मात सवलत आहे, ती यतनेच्या अटीवर. गरजेपेक्षा जहाल औषध न विकणे, मात्रा नीट समजावून देणे, रिकामे डबे ओढ्यात धुऊ न देणे, हीही जिवाणीच होय. विद्यार्थिनीच्या जाळीचा जाब विचारणाऱ्या हातांनी आपल्या गल्ल्यालाही तोच जाब विचारावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

जैन समाज शिक्षणसंस्थांना मोठ्या मनाने देणग्या देतो, शिष्यवृत्त्या देतो, प्रयोगशाळा बांधून देतो. यापुढे जीवशास्त्राच्या वा पर्यावरणाच्या विभागाला देणगी देताना कोनशिलेवरील नावाबरोबर एक साधी अटही घालता येईल. प्रत्येक प्रकल्पाच्या वहीत ते तीन रकाने असावेत, आणि वर्षअखेर ती वही देणगीदारांना दाखवावी. ताळेबंद वाचण्याची सवय असलेल्या समाजाला ती वाचणे जड जाणार नाही. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहायला जाणाऱ्या मुलांना दुर्बीण देताना हेही सांगावे, की वरचे पक्षी पाण्याखालच्या ज्या जिवांवर जगतात ते दुर्बिणीतून दिसत नाहीत, आणि त्यांचा हिशेब कोणीतरी हळुवार हाताने ठेवावा लागतो.